सुई लागलीच नाही

गाडीतून उतरल्यावर प्रल्हादनं माझ्या हातातली बॅग घेतली आणि पुलाचा जिना चढायच्या आतच विचारलं, "ताई, पुढे येत राहणार ना तुम्ही? की हेच शेवटचं?"

"आधी घरी तर जाऊ दे."

"घरी तर जायचंच. मी आपलं पुसून ठेवलं."

प्रल्हाद माझा चुलतभाऊ, माझ्याहून बराच लहान. बाबांच्या वर्षश्राद्धासाठी मी पुण्याहून आले होते. बाबांना मी एकटीच. अग्नी प्रल्हादनं दिला होता आणि श्राद्धही तोच करणार होता. भोसले घाटाच्या वरच्या गल्लीतलं आमचं घर त्याचं आणि आमचं मिळून आहे. तिसऱ्या मजल्यावरची, गंगेकडे खिडकी असलेली खोली बाबांची. ती माझ्यासाठी राखायची की नाही, एवढंच त्याला कळायला हवं होतं. गल्लीत घरोघरी परदेशी पाहुण्यांना खोल्या देणं सुरू झालं होतं, आणि नदीकडच्या खिडकीला फार मागणी होती.

"तुम्ही येणार असाल तर कुणाला पाय ठेवू देणार नाही," तो रिक्षात म्हणाला. "पण बंद खोलीला दीमक लागते, ताई. काय ते साफ सांगा. तुम्ही जाईपर्यंत सांगा."

"सांगते."

बाबा होते तोवर हा प्रश्नच नव्हता. मी काशी पाहायला कधी आले नाही, घरी यायचे. स्टेशनवर उतरलं की गल्लीत शिरेपर्यंत आजूबाजूला बघायचेसुद्धा नाही. आता घरात वाट पाहणारं कोणी नव्हतं आणि उरलं होतं ते सगळ्यांना दिसतं तेच शहर. माझी नणंद बकुळ दोन वर्षांमागे येऊन गेली होती. मी निघताना तिनं विचारलं, "आता कशाला जाणार तू तिकडे? वडील होते तोपर्यंत ठीक होतं. त्या शहरात आता आहे काय?" ती वाईट हेतूनं बोलली नव्हती. काशीहून परत आलेली पुण्यातली माणसं मला नेहमीच माझ्या गावातल्या चुका सांगत आली आहेत, जणू त्या मी घरी जाऊन दुरुस्त करणार आहे.

मी प्रल्हादला हो म्हणणार होते. गाडीत बसतानाच ते ठरलं होतं. त्याला कारण होतं ते त्यानंच वर्षापूर्वी फोनवर सांगितलेलं एक वाक्य.

गेल्या पौषात बाबांचं जास्त झाल्याचं कळलं तशी मी मिळेल त्या गाडीनं निघाले. पोटाचा आजार होता. दिवाळीत मी येऊन राहिले तेव्हा त्यांनी तो हसण्यावारी नेला होता. दवाखान्यात राहायला ते तयार नव्हते. अलाहाबादच्या अलीकडे धुक्यात गाडी थांबली ती थांबलीच. बाहेर शेत आहे की स्टेशन, तेही दिसत नव्हतं. दुपारी मोबाइल वाजला.

"ताई, काका गेले," प्रल्हाद म्हणाला. मग बराच वेळ तो नुसता रडत होता. "शेवटपर्यंत तुमचंच पुसत होते. सकाळपासून एकच. आ गई? आ गई? मी सांगत होतो, आ रही हैं. पण तुमची गाडीच नाही आली."

बाबा मराठीचे कडक होते, पण प्रल्हादशी आणि त्याच्या बायकोशी बोलताना ते सहज हिंदीत जात. त्यामुळे मला त्यात वावगं वाटलं नाही. त्या दोन शब्दांवर मी वर्ष काढलं. ते लागायचे. पण त्यांच्यात आधारही होता. आपली वाट पाहत माणूस गेलं म्हणजे आपण त्याचे होतो, हे कोणालाही खोडता येत नाही. आणि जिथं आपली अशी वाट पाहिली गेली, ते गाव कितीही बिघडलं तरी तिथं जाण्यात अर्थ असतो. बकुळला मी हे सांगितलं नाही. सांगण्यासारखं नव्हतं.

घरी विंध्यानं पाय धुवायला गरम पाणी ठेवलं होतं. विंध्यवासिनी, प्रल्हादची बायको, मिर्झापूरची. आमच्या घरात येऊन ती पुरणपोळी शिकली, कढीत गूळ घालायला शिकली. मराठी समजायला शिकली, बोलायला मात्र लाजते. बाबांचं अंथरुणातलं सगळं तिनं आणि प्रल्हादनं केलं होतं. मी हे आधीच लिहून ठेवते, कारण पुढे लिहिताना कदाचित माझ्याकडून राहून जाईल.

संध्याकाळी गल्लीतून दूध आणायला निघाले तर पानवाल्यानं बाकावरच्या दोघांना उठवलं. "यही हैं," तो त्यांना हळूच म्हणाला, "जिनका रास्ता देखते-देखते मास्टर साहब गए." बाबा शाळेत गणित शिकवत. ते दोघं हात जोडून उभे राहिले. शेजारचे मिश्राजी, जे मला लहानपणी ओट्यावरून हाकलायचे, ते स्वतः खाली आले आणि डोक्यावर हात ठेवून गेले. गल्लीत मला असा मान कधीच मिळाला नव्हता. मला तो आवडला, हे कबूल करायला हवं.

चहा पिताना प्रल्हादनं सगळं पुन्हा सांगितलं.

"एक गोष्ट मानायला पाहिजे, ताई. काकांनी एकदा पण 'दर्द' म्हटलं नाही. डॉक्टर आदल्या दिवशी बोलले होते, आता दर्द उठेल, सहन होणार नाही, तेव्हा लगेच सुई द्या. सुई आणून ठेवली. कंपाउंडर तर समोरच राहतात, खाली. खिडकीतून हाक मारली की आले. त्यांना सांगून पण ठेवलं होतं, कुठे जाऊ नका. पण लागलीच नाही सुई."

"पुण्यात्मा थे," विंध्या म्हणाली. "ऐसी बीमारी में इतनी शांति से कौन जाता है, दीदी?"

"कण्हत वगैरे नव्हते?"

"बिल्कुल नाही," प्रल्हाद म्हणाला. "मी हात धरून बसलो होतो ना. मी दर वेळी विचारायचो, काका, दर्द है? तर मान अशी हलवायचे, ती हो की नाही काही समजायचं नाही. आणि मग तेच, आ गई."

"माझं नाव घेतलं का?"

"नाव कशाला घ्यायला पाहिजे? दुसरं कोण येणार होतं?"

हे पटण्यासारखं होतं.

दुसऱ्या दिवशी श्राद्ध झालं. मी पुण्याहून आमसुलं नेली होती. विंध्यानं त्यांची चटणी वाटली, वडे तळले, खीर केली. ब्राह्मणांत नीलकंठ गुरुजी होते. ते बाबांचे लहानपणापासूनचे स्नेही, दुर्गाघाटावर राहणारे वैदिक. हे दोघं एकमेकांशी अगदी स्वच्छ मराठी बोलत, आणि कुणाच्या बोलण्यात हिंदी शब्द आला की दुसरा त्याला पकडत असे. बाबा गेले तेव्हा गुरुजी नाशिकला मुलीकडे होते. परत आल्यापासून ते गुडघ्यांमुळे फारसे बाहेर पडले नव्हते. बाबांच्या खोलीत ते वर्षानं प्रथमच येत होते. त्यामुळे गल्लीला पाठ असलेली गोष्ट त्यांनी ऐकलेली नव्हती.

ब्राह्मण जेवून उठले. बाकीचे दक्षिणा घेऊन गेले, गुरुजी भिंतीला टेकून सुपारी चघळत बसले. मग शेजाऱ्यांची पंगत बसली. प्रल्हाद आणि मी वाढत होतो.

प्रल्हादबद्दल एक सांगायचं राहिलं. तो नकला फार चांगल्या करतो, लहानपणापासून. त्याच्या मुंजीत, रिवाजाप्रमाणे बटू काशीला निघाला आणि मामानं त्याला अडवून विचारलं, "कुठे चाललास रे?" तेव्हा हा छत्री खाली ठेवून म्हणाला, "कुठेच नाही. आमचं घर इथेच आहे." हे सांगताना बाबांना दर वेळी हसू आवरायचं नाही. दूधवाला, पोस्टमन, खुद्द बाबा, सगळे त्याच्या गळ्यातून निघत. 'शिक्षा म्हणजे मराठीत दंड, प्रल्हाद. तुला शाळेत मिळते ती. जे मिळत नाही त्याला शिक्षण म्हणतात.' हे तो बाबांसमोरच बाबांच्या आवाजात म्हणायचा, आणि बाबा पुन्हा म्हणायला लावायचे.

मिश्राजी पानावरून म्हणाले, "प्रल्हाद बाबू, बिटिया को वो सब बताया कि नहीं? आखिरी दिन का?"

"फोन पे बताया था. कल भी बताया."

"अरे, ऐसे नहीं. जैसे हम लोगों को बताए थे, वैसे बताओ."

प्रल्हादनं माझ्याकडे पाहिलं. मी काही बोलले नाही. त्यानं ते होकार समजून हातातलं वड्यांचं ताट खाली ठेवलं.

"काका ऐसे लेटे थे," तो म्हणाला, "दीवार की तरफ मुंह करके. घुटने पेट से लगाकर, बच्चे जैसे. आंख बंद. हम हाथ पकड़े बैठे हैं. थोड़ी देर चुप रहते, फिर..."

आणि त्यानं डोळे मिटले, दातांतून श्वास आत ओढला, आणि बाबांचा आवाज काढला.

"आऽऽई गऽ."

तो बाबांचाच आवाज होता. एवढा तंतोतंत, की मी दाराकडे पाहिलं.

मी शाळेत असताना बाबांना मूतखड्याचा त्रास व्हायचा. ते कमरेवर हात ठेवून सज्जात येरझारा घालायचे, आणि दर फेरीला भिंतीशी वळताना, दुसऱ्या कुणाला ऐकू जाऊ नये इतक्या हळू, हेच म्हणायचे. बाकी काही नाही. आई फडक्यात मीठ घालून तव्यावर तापवायची आणि न विचारता त्यांच्या हातात द्यायची. ती पोटली तयार करायला केव्हा उठायचं, हे तिला त्या दोन शब्दांवरून कळायचं.

प्रश्न विचारताना आवाज शेवटी वर जातो. हा खाली येत होता.

आई गं.

पंगतीत मिश्राजींनी डावा हात डोळ्यांना लावला. विंध्या दारात उभी होती, तिनं पदर तोंडावर घेतला. आपलं सांगणं मनाला लागलं हे पाहून प्रल्हादनं पुन्हा एकदा केलं, आधीपेक्षा थोडं लांबवून. "आऽऽई गऽ. और हम कहते, आ रही हैं काका, बस आ ही गईं. तब जाके थोड़ा चुप होते. फिर वही."

मी गुरुजींकडे पाहिलं. त्यांचं चघळणं थांबलं होतं. त्यांनीही माझ्याकडे पाहिलं, मग मान खाली घालून ते चष्मा पुसू लागले. म्हणजे माझा भास नव्हता.

"बिटिया, खीर," मिश्राजी म्हणाले. मी त्यांना खीर वाढली.

प्रल्हादला 'आई' हा शब्द येत नाही असं नाही. पण त्याच्या घरात त्या नावाचं कोणी नव्हतं. त्याच्या आईला तो अम्मा म्हणायचा. बोट चेमटलं तर तो 'बाप रे' म्हणतो, विंध्या 'हाय राम', मुलं तर काय, शाळेत शिकवतात ते. दुखलं की माणूस 'आई गं' म्हणतो हे शिकवायचं नसतं, ते ऐकून येतं, आणि त्या घरात असं म्हणणारे बाबा शेवटचे होते. शिवाय वाट पाहत होता तो प्रल्हाद. सकाळपासून फोन हातात घेऊन, गाडी कुठवर आली हे स्टेशनवर विचारत, एकट्यानं मरणाजवळ बसलेला. आ गई का, हा त्याचा प्रश्न होता. तोच त्याला बाबांच्या तोंडून ऐकू आला. हे सगळं मला त्याच वेळी, खिरीचं पातेलं हातात असतानाच समजलं. समजल्यानं काही कमी झालं नाही.

गुरुजींना सोडायला मी खाली गेले. त्यांना जिना उतरायला वेळ लागला. गल्लीत आल्यावर मी विचारलं, "तुम्ही ऐकलंत ना?"

"काय?"

"गुरुजी."

ते काठी टेकत काही पावलं चालले. समोरून एक गाय आली, तिला वाट देण्यासाठी आम्ही एका ओट्याला चिकटून उभे राहिलो. "मी नाशिकला होतो गं," ते म्हणाले. "इथं असतो तर..." आणि ते त्यांनी तसंच सोडलं. "तुझ्या बापाला, ढुंढिराजाला, पहिल्यापासून दुखणं सांगायची सवय नाही. दाढ काढली तेव्हासुद्धा एवढंच म्हणाला होता. मी बाहेर बसलो होतो."

"प्रल्हादला सांगू?"

"सांगून? आता सुई देणार आहेस का ढुंढिराजाला?"

"सकाळपासून दुपारपर्यंत, गुरुजी. कंपाउंडर समोर बसून होता."

"मला कळतं सगळं. मला सांगू नकोस." ते चिडले होते, माझ्यावर नव्हे. "त्या पोरानं त्याची घाण काढली आहे, विजू. पोटच्या पोरानं केलं नसतं."

पोटची पोर मीच. ते त्यांच्या लक्षात आलं नाही, किंवा आलं असेल.

"ते मला ठाऊक आहे," मी म्हटलं. "तो वाईट असता तर आत्ताच वर जाऊन सांगितलं असतं. विचारायला आले नसते."

"मग झालं तर. तू पुण्याला जाशील. त्याला याच घरात राहायचंय, त्याच खोलीखाली झोपायचंय. पुढच्या वर्षी येशील तोवर विसरेलही तो ही गोष्ट."

"गल्लीनं पाठ केली आहे. तो कसा विसरेल?"

गुरुजी पुढे चालू लागले. त्यांच्या दाराशी आल्यावर म्हणाले, "सुखानं गेला असंच मीही समजत होतो. तेवढं बरं होतं." आणि आत जाऊन त्यांनी कडी लावली.

परतताना समोरच्या घराचा तळमजला आला. कंपाउंडर दारात खुर्ची टाकून वर्तमानपत्र वाचत होते. मला पाहून उठले. "बड़े भाग्यवान थे मास्टर साहब," ते म्हणाले. "हम तो तैयार बैठे थे." मी नमस्कार केला.

मी काशीवर लिहिलेलं पुष्कळ वाचलं आहे. ग्रंथालयात काम करणाऱ्या माणसाच्या हाताशी पुस्तकं असतात. लांबून आलेली माणसं इथं घाटाच्या पायरीवर बसतात, चितेकडे पाहतात आणि मरणाबद्दल फार सुंदर लिहितात. इथं मरणाऱ्याला दुखत होतं का, हे विचारलेलं माझ्या वाचनात नाही. इथं आलेलं मरण शांतच असतं असं आधी ठरलेलं असतं, आणि मग तसंच दिसतं. बाहेरच्यांचं एक वेळ समजू शकतं. आमच्या घरातही तसंच दिसलं.

त्या दुपारी मी बाबांच्या खोलीत बसून पुढच्या वर्षाचा विचार केला. मी येणार. पानवाला बाकावरून माणसं उठवणार. आमसुलाची चटणी होणार. मिश्राजी म्हणणार, सुनाओ. आणि प्रल्हाद ताट खाली ठेवून, जेवणाऱ्यांसमोर, माझ्या बापाचं कण्हणं माझ्याच मानासाठी मला ऐकवणार. दर वर्षी जरा लांबवून. मी एक वर्ष गप्प राहीन, फार तर दोन. मग एखाद्या पौषात माझ्या तोंडून निघून जाईल, आणि ज्या माणसानं बाबांना शेवटचं पाणी पाजलं त्याला मी उरलेल्या जन्माला पुरेल एवढं देऊन जाईन. मला स्वतःचा भरवसा नव्हता. कारण मी त्याला क्षमा केलेली नव्हती. अजूनही नाही. तो निर्दोष आहे हे कळतं, आणि त्याच्या हाताकडे पाहिलं की वाटतं, हाच हात धरून होता, आणि दुसऱ्या हातात फोन होता.

दुसरंही एक होतं, ते मला स्वतःशीच मान्य करायला संध्याकाळ लागली. बाबांनी माझी वाट पाहिली नव्हती. पाहिली असेल आधी कधी. त्या सकाळी नाही. त्या सकाळी त्यांना मी आठवत नव्हते, दुखत होतं. वर्षभर ज्याच्यावर उभी होते ते माझं नव्हतंच.

निघायच्या दिवशी प्रल्हाद चहा घेऊन वर आला. माझी बॅग भरून झाली होती. खिडकीखालून एक मोठी नाव चालली होती आणि तिच्यावरचा माणूस भोंग्यातून घाटांची नावं सांगत होता. शिंदे घाटापाशी त्यानं वाकलेल्या देवळाबद्दल काहीतरी विनोद केला, लोक हसले.

"तर मग?" प्रल्हाद म्हणाला. "खोलीचं काय? मी तर रंग देऊन टाकणार आहे, तुम्ही येणार म्हणून."

"पाहुण्यांना दे तू."

"म्हणजे?"

"मी आता यायची नाही, प्रल्हाद."

तो आधी हसला. "मजाक करताय."

"नाही."

"विंध्या काही बोलली का? तिला समजत नाही कधी कधी."

"ती काही बोलली नाही. फार केलं तिनं."

"मग श्राद्धात काही कमी राहिलं? वडे जरा कडक झाले होते, मला माहीत आहे."

"वडे चांगले होते."

"मग माझं काही चुकलं, ताई?"

तो कपबशी हातात धरून उभा होता. चेहऱ्यावर खरोखरची चिंता होती; तो विचारायचं म्हणून विचारत नव्हता. चूक असती तर त्यानं तिथंच पाय धरले असते. मी तोंड उघडलं. बाबांची खाट त्याच्या मागेच होती, तिच्यावर नवी चादर घातलेली.

खालून भोंगा पुन्हा सुरू झाला. प्रल्हादनं खिडकीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि उत्तर त्याचं त्यालाच सापडलं.

"हे ना?" तो म्हणाला. "गर्दी. भोंगे. पुण्याचे सगळे हेच म्हणतात. नाकाला रुमाल लावून गल्लीतून जायचं आणि घरी जाऊन सांगायचं, आता ती काशी नाही राहिली. तुमच्या नणंद पण हेच बोलत होत्या. मला वाटलं, तुम्ही त्यांच्यात नाही."

"हो," मी म्हटलं. "गर्दी फार झाली आहे. आता सोसत नाही."

त्यानं कपबशी खिडकीत ठेवली. थोडी हिंदकळली.

"काका इथे या खाटेवर तुमची वाट बघत गेले," तो म्हणाला. "शेवटच्या श्वासापर्यंत. मी पाहिलंय. आणि तुम्हाला गर्दी सोसत नाही."

"हो."

"ठीक आहे." तो बॅग उचलायला वाकला, आणि वाकलेलाच थांबला. "खाली कुणाला हे सांगू नका. मिश्राजींना, पानवाल्याला. लोक काय म्हणतील, ज्या मुलीसाठी माणूस तडफडत गेला ती... मी सांगेन काहीतरी."

तडफडत. वाट पाहण्याला तो हा शब्द वापरत होता.

गल्लीत मिश्राजी ओट्यावर होते. "अगले साल फिर, बिटिया," ते म्हणाले. प्रल्हाद माझ्या आधी बोलला, "इनकी तबियत अब सफर लायक नहीं रही, चाचा." मिश्राजींनी माझ्याकडे काळजीनं पाहिलं. पानवाल्यालाही त्यानं तेच सांगितलं. पुढे चौकापर्यंत तो बॅग घेऊन भराभर चालत होता, मी मागे. एरवी तो गर्दीत माझा दंड धरून चालायचा आणि येणाऱ्याजाणाऱ्यांवर ओरडायचा.

स्टेशनपर्यंत सोडायला यायचं त्यानं टाळलं. रिक्षा थांबवली, बॅग आत ठेवली आणि रिक्षावाल्याला म्हणाला, "मैडम को कैंट स्टेशन. आराम से ले जाना."

मी बसले. तो रिक्षाच्या टपाला हात लावून उभा राहिला. काहीतरी बोलावं की नाही, असं त्याचं चाललं होतं.

"पहुंचके फोन कर दीजिएगा," तो म्हणाला.

बोलायला लागल्यापासून तो माझ्याशी मराठीतच बोलत आला होता, चुकतमाकत का होईना, माझ्यासाठी म्हणून.

"करते," मी म्हटलं. त्यानं मान हलवली, आणि रिक्षा वळायच्या आत तो गल्लीत शिरला होता.